डी अँड डीची नवी आवृत्ती : कोल्हापुरातले खेळणारे वारंवार विचारतात ते प्रश्न

राजारामपुरीत एका मित्राच्या माडीवर दर रविवारी दुपारी आम्ही सहा-सात जण डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, खेळायला बसतो. हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचायचा खेळ: एक जण (डंजन मास्टर) गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र खेळतात आणि काय जमलं ते फासे ठरवतात. नवी पुस्तकं आल्यापासून इचलकरंजी, सांगली, गडहिंग्लजपर्यंतचे खेळणारे, आणि खेळायची नुसती इच्छा असणारेही, तेच ते प्रश्न पाठवत असतात. काही प्रश्न साधे असतात, काही चिडून विचारलेले असतात. सगळ्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. पुढे ‘जुनी’ म्हणजे २०१४ ची आवृत्ती आणि ‘नवी’ म्हणजे २०२४ ची.

१. नक्की काय नवीन आलंय? ही सहावी एडिशन का?

नाही, आकड्याने ही पाचवीच. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीची तीन मूळ पुस्तकं सुधारून पुन्हा काढली आहेत. प्लेअर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, डंजन मास्टर्स गाइड नोव्हेंबरमध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये. प्रत्येक पुस्तक ३८४ पानांचं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, बोनस मिळवायचा आणि समोरचा आकडा गाठायचा, हा गाभा तसाच आहे. जुनी साहसं आणि पुस्तकं नव्या नियमांत चालतील, असं प्रकाशकांचं म्हणणं आहे. माझ्या अनुभवाने ते बारा आणे खरं आहे. उरलेल्या चार आण्यांबद्दलच खालचे बरेचसे प्रश्न आहेत.

२. मी आजवर कधीच खेळलो नाही. जुन्या पुस्तकाने सुरुवात करू की नव्या?

नव्याने. इथे मला जराही शंका नाही. जुनं पुस्तक उघडलं की आधी पात्र बनवायला बसवायचं, खेळ कसा चालतो ते मागाहून. नव्यात पहिलंच प्रकरण खेळायचं कसं याचं आहे, टेबलावरच्या बोलण्याच्या नमुन्यांसकट. शिवाय शेवटी नियमांचा कोश दिलाय, तोही अक्षरांच्या क्रमाने.

गेल्या पावसाळ्यात विद्यापीठातला एक मुलगा पहिल्यांदा आला होता. लांडग्याने त्याच्या पात्राला खाली पाडलं आणि मी म्हणालो, “तू आता प्रोन आहेस.” मी समजावून सांगेपर्यंत त्याने मागची पानं उलटून शब्द काढलासुद्धा, आणि मलाच विचारलं, “मग उठायला माझी अर्धी चाल जाणार ना?” जुन्या पुस्तकात हीच गोष्ट शोधायला मला पहिल्या वर्षी दहा मिनिटं लागायची.

३. तीनही पुस्तकं घ्यावीच लागतात का? एवढे पैसे कुठून आणायचे?

घ्यावी लागत नाहीत. अमेरिकेत एका पुस्तकाची छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे. आपल्याकडे मागवलं की ती रक्कम एखाद्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या मेसच्या खर्चाशी भिडते. आमच्या टेबलावर प्लेअर्स हँडबुकची एकच प्रत आहे, सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेली. डंजन मास्टर्स गाइड फक्त गोष्ट चालवणाऱ्याने घेतलं तरी पुरतं, आणि तेही सुरुवातीला नाही घेतलं तर अडत नाही.

त्याआधी फुकट मिळतं ते वापरा. नव्या नियमांचा गाभा असलेला दस्तऐवज, म्हणजे एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.२, एप्रिल २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (श्रेय देऊन कुणीही वापरावं असा) खुला झालाय. बाराही क्लास (योद्धा, जादूगार असे पात्रांचे पेशे) त्यात आहेत, प्रत्येकाचा एकेक उपप्रकार आहे, भरपूर स्पेल (मंत्र) आणि राक्षस आहेत. सहा महिने खेळायला एवढं पुष्कळ झालं. चोरून उतरवलेल्या पीडीएफ मागणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. अधिकृत गोष्ट फुकट असताना ती भानगड कशाला?

४. लोक एवढे चिडलेत कशावर? नियम इतके वाईट आहेत का?

राग नियमांच्या आधीपासूनचा आहे. तो समजून घेतल्याशिवाय या आवृत्तीबद्दलचं बोलणं कळत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. २००० सालापासून एक खुला परवाना होता. त्याच्या भरवशावर जगभरातले छोटे प्रकाशक आणि हौशी लेखक या खेळासाठी पुस्तकं काढत होते. नव्या मसुद्यात तो जुना परवाना रद्द करण्याची आणि मोठी विक्री करणाऱ्यांकडून हिस्सा घेण्याची भाषा होती. एवढा गहजब झाला की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच ठेवला आणि वर २०१४ च्या नियमांचा एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकला. माघार घेतली, पण विश्वास उडाला तो उडालाच. नवी पुस्तकं आली ती त्या वातावरणात.

त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियाँड या कंपनीच्या संकेतस्थळावर दुसरी ठिणगी पडली. ज्यांनी जुनी पुस्तकं तिथे पैसे मोजून डिजिटल घेतली होती, त्यांच्या पात्रांच्या शीटवरचे जुने स्पेल आणि जादुई वस्तू नव्या मजकुराने बदलल्या जातील, असं जाहीर झालं. विकत घेतलेल्या वहीतली पानं दुकानदाराने रात्रीत बदलावीत, असं ते वाटलं. काही दिवसांतच तोही निर्णय मागे घेतला गेला.

आणि मग नियम. दहा वर्षं ज्या पात्रावर जीव लावला त्याचा एखादा डाव नव्या पुस्तकात दुबळा झालेला दिसला, की आधीच्या रागाला धरायला जागा मिळते. मला वाटतं, कंपनीवरचा राग रास्त आहे. पण तो पुस्तकावर काढताना निदान तीन रविवार खेळून बघितलेलं असावं. मला येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच जणांनी एकही डाव नव्या नियमांनी खेळलेला नसतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

५. प्रत्येक नव्या आवृत्तीला असाच विरोध होतो का?

होतो. खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तीनच वर्षांत ३.५ आली, तेव्हा पुन्हा पुस्तकं घ्यायची म्हणून लोक वैतागले. २००८ ची चौथी आवृत्ती तर पुष्कळांना इतकी परकी वाटली की पुढच्याच वर्षी पैझो या कंपनीने ३.५ च्या पायावर पाथफाइंडर काढला आणि मोठा वर्ग तिकडे गेला. २०१४ च्या पाचवीने त्यातले बरेच जण परत आणले. आज जिच्यासाठी लोक भांडतायत तीच ही ‘जुनी’.

कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. माती की मॅट, हा वाद आपल्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. खाशाबा जाधव मातीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकीत मॅटवर कांस्यपदक जिंकले. म्हणून खासबागेतली माती कुणी उचलून टाकली नाही.

६. हाफ-एल्फ काढून टाकला म्हणतात. माझं पात्र बाद झालं का?

नाही. नव्या प्लेअर्स हँडबुकमध्ये दहा वंश आहेत. हाफ-एल्फ (अर्धा माणूस, अर्धा एल्फ) आणि हाफ-ऑर्क त्यांत नाहीत. ऑर्क, गोलायथ आणि आसिमार आत आलेत. ‘रेस’ या शब्दाच्या जागी ‘स्पीशीज’ आलाय. जुन्या पुस्तकातला वंश मात्र वापरता येतो, तसा नियमच दिलाय. बदल एवढाच, की वंशामुळे मिळणारी ताकद-चपळाईची वाढ सोडून द्यायची. ती आता बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून मिळते.

हा बदल मला पटलाय. पात्र लोहाराच्या घरात वाढलं की मठात, यावर त्याचं अंग आणि डोकं घडावं. जन्म कुठे झाला यावर नको. पण हाफ-एल्फ गाळल्याचं दुःखही मला कळतं. दोन घरांत वाढून कुठलंच आपलं न वाटणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला तो फार चांगला होता. आमच्याकडे एकीचा अजून आहे.

७. पॅलाडिनचा स्माइट बिघडवला, हे खरं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर थोडं लांब आहे.

पॅलाडिन म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा आणि स्माइट म्हणजे त्याच्या वाराला जोडलेला जादुई जादा फटका. जुन्यात वार लागला की स्पेल स्लॉट (मंत्रांचा मर्यादित साठा) खर्चून वरून स्माइट टाकता यायचा. त्याला वेगळी ॲक्शन (पाळीतली कृती) लागत नव्हती आणि एका पाळीत कितीही वेळा चालायचा. नव्यात डिव्हाइन स्माइट हा स्पेल आहे. वार लागल्याबरोबर बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) वापरून टाकायचा. बोनस ॲक्शन एका पाळीत एकच, म्हणून स्माइटही एकच.

आमचा पॅलाडिन शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्ट करून येतो. पाचव्या लेव्हलला त्याचे दोन वार असायचे. दोन्ही लागले की दोन्हींवर दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट. मग आठ बाजूंचे सहा फासे तो स्टीलच्या परातीत एकदम ओतायचा आणि तो खणखणाट खालच्या मजल्यापर्यंत जायचा. सरासरी सत्तावीस नुकसान, नुसत्या स्माइटचं. नव्यात तीनच फासे, सरासरी साडेतेरा. पहिल्या रविवारी तो काही बोलला नाही. तीन फासे टाकले आणि बाकीचे तीन मुठीत धरून बसला. ते बघून मलाच चुटपुट लागली.

पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही बघा. मी आठवडाभर विचार करून एखादा मोठा शत्रू उभा करायचो आणि पॅलाडिन पहिल्याच फेरीत त्याचा निकाल लावायचा. रोग (चोर) आणि विझार्ड (जादूगार) खेळणाऱ्यांना पाळीच मिळायची नाही. आता लढत तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येतं. पॅलाडिनलाही परतफेड आहे. रोज एक स्माइट स्लॉटशिवाय मिळतो, हात ठेवून बरं करायला पूर्ण ॲक्शन लागत नाही, आणि पाचव्या लेव्हलला घोडा बोलावायचा स्पेल आपोआप तयार असतो. त्या घोड्यावर आमचा पॅलाडिन आता जीव टाकतो.

अडचणीच्या जागा ध्यानात ठेवा. स्माइट हा उच्चाराचा स्पेल असल्यामुळे सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलच्या घेरात चालत नाही. बार्बेरियनच्या रेजमध्ये, म्हणजे संतापाच्या अवस्थेत, स्पेल टाकता येत नाही, म्हणून बार्बेरियन-पॅलाडिन अशी जोड असेल तर रेज चालू असताना स्माइट बंद. ज्यांनी दोन वर्षं त्या जोडीवर पात्र उभारलं त्यांची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. समोरचा काउंटरस्पेल टाकून तो अडवूही शकतो. मात्र नव्या काउंटरस्पेलमध्ये अडवलेल्या स्पेलचा स्लॉट जात नाही, फक्त बोनस ॲक्शन वाया जाते.

८. वेपन मास्टरीमुळे लढाई लांबते का?

थोडी लांबते, विशेषतः टॉपलमुळे. हत्यारांना आठ प्रकारची खास कसबं दिली आहेत: कुणाचा वार समोरच्याला ढकलतो, कुणाचा मंदावतो, ग्रेटसोर्ड तर चुकला तरी थोडं लागतं. टॉपलवाल्या हत्याराचा वार लागला की दर वेळी समोरच्याने फासा टाकून सावरायचं, नाहीतर आडवा पडायचं. फायटरचे तीन वार झाले की तीनदा तेच. आम्ही एक सोय केली: पाळी येण्याआधीच हल्ल्याचा आणि सावरण्याचा फासा दोघांनी तयार धरायचा. तेवढ्याने वेळ वाचला. आणि “मी मारतो, परत मारतो” एवढ्यावर भागवणाऱ्या फायटरला आता दर पाळीला विचार करावा लागतो. ही किंमत मी आनंदाने देतो.

९. दबा धरून हल्ला करण्यात आता काय मजा राहिली?

आधी फरक. जुन्यात बेसावध सापडलेल्याची पहिली पाळी फुकट जायची. नव्यात त्याला फक्त इनिशिएटिव्हच्या (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या) फाशावर डिसॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा.

आमच्या गोष्टीत एक खिंड आहे, पन्हाळ्यावरच्या जुलैतल्या धुक्यावरून सुचलेली. दोन तास आखणी करून मंडळी वरच्या कड्यावर दगड घेऊन बसली. नव्या नियमाने बेसावध टोळीप्रमुखाचे दोन्ही फासे मोठे पडले आणि पहिला वार त्याचाच. टेबलावर जी शांतता पसरली ती अजून आठवते. या एका बाबतीत मी नव्याच्या बाजूने नाही. नियम म्हणून तो समतोल आहे, कारण जुना नियम खेळाडूंवर उलटला की अर्धा गट हात न हलवता मरायचा. पण मेहनतीने रचलेल्या सापळ्याला मोल हवं. म्हणून आमच्याकडे, आखणी खेळाडूंनी केली असेल तर शत्रूला पहिल्या फेरीत रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) मिळत नाही. हा आमचा घरचा नियम आहे, पुस्तकातला नाही.

१०. आमचं कॅम्पेन (लांब चालणारी गोष्ट) मधोमध आहे. नव्यावर जायचं का?

गोष्टीचा एखादा टप्पा संपेपर्यंत थांबा. आम्ही एक प्रकरण संपवलं आणि एक अख्खा रविवार फक्त शीट पुन्हा लिहिण्यात घातला, न खेळता. तीन तास गेले, पण पुढच्या आठवड्यात कुणी मध्येच “माझं हे कुठे गेलं?” म्हणून अडलं नाही. कॅम्पेनची चार-पाच सेशनच उरली असतील तर जुन्यानेच संपवा. ज्या पात्राचा कणाच बदलतो (वरचा प्रश्न ७ बघा), त्या खेळाडूला पात्र नव्याने बांधायची मुभा द्या.

११. एकाचं पात्र जुनं, दुसऱ्याचं नवं, असं एका टेबलावर चालतं का?

चालतं, पण नवं पात्र पहिल्या काही लेव्हलना वरचढ ठरतं, कारण बॅकग्राउंडबरोबर एक ओरिजिन फीट (पात्राचं जादा खास कसब) मिळतं आणि लढणाऱ्यांना वेपन मास्टरी. जुन्यावर राहणाऱ्याला एक ओरिजिन फीट देऊन टाका, तक्रार मिटते.

सरमिसळीच्या बाकी गोष्टी पुस्तकात सांगितल्या आहेत. जुना उपप्रकार नव्या क्लासला जोडला तर त्याचे पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे गुण तिसऱ्या लेव्हलला मिळतात, कारण आता सगळ्यांचा उपप्रकार तिसरीलाच ठरतो. जुन्या बॅकग्राउंडमध्ये ताकद-चपळाईची वाढ नसेल तर एका गुणाला २ आणि दुसऱ्याला १, किंवा तीन गुणांना प्रत्येकी १ अशी घ्या. एकाच नावाचा स्पेल दोन्हीकडे असेल तर सगळ्या टेबलाने नवाच वापरावा. दोन मजकूर ठेवलेत तर भांडण ठरलेलं.

एक फसवी जागा म्हणजे एक्झॉशन, पात्राचा पायरीपायरीने वाढणारा थकवा. जुन्यात पहिल्या पायरीला फक्त ॲबिलिटी चेक (चढणं, लपणं अशा कसोट्या) बिघडायचे, हल्ल्याला धक्का नव्हता. नव्यात प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशाच्या सगळ्या कसोट्यांतून २ वजा आणि चाल ५ फुटांनी कमी. सहाव्या पायरीला मरण दोन्हीकडे. जुना बर्सर्कर (बार्बेरियनचा उपप्रकार) नव्या नियमात आणलात तर प्रत्येक फ्रेन्झीनंतर, म्हणजे बेभान होऊन लढल्यावर, थकवा चढून त्याचा हल्लाच खाली येतो. त्याला नवा बर्सर्करच घ्यायला सांगा, त्यात ती शिक्षा नाही.

१२. जुन्या साहसातले राक्षस नव्या पात्रांपुढे टिकत नाहीत, काय करू?

नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याच नावाचा राक्षस असेल तर तो घ्या. नव्यांतले बरेच जण वार लागताच थेट पाडतात किंवा पकडतात, सावरायची संधीच न देता. त्यामुळे ते कागदावर दिसतात त्यापेक्षा जड जातात. तोल काढायची रीतही बदलली आहे. जुन्यात राक्षसांची संख्या वाढली की एकूण अनुभव-गुणांना गुणायचं असायचं; नव्यात ते गुणणं काढून टाकलंय. जुन्या साहसातल्या झुंडी नव्या हिशेबाने मोजल्यात तर कमी धोक्याच्या दिसतात. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पात्रांवर अशी झुंड सोडताना हात आखडता ठेवा.

१३. नव्यात तुम्हाला मनापासून आवडलेलं काय?

बरं करणं. सांगलीहून येणारी आमची क्लेरिक (पुजाऱ्याचा क्लास) जुन्यात जीव तोडून क्युअर वुंड्स हा जखमा भरणारा स्पेल टाकायची आणि आठ बाजूंच्या एका फाशावर १ पडायचा. नव्यात दोन फासे आहेत. औषधाची कुपी पिणं बोनस ॲक्शनमध्ये झालं, जे आपण सगळे घरचा नियम म्हणून आधीपासून करतच होतो. आता मित्राला उठवणं म्हणजे पाळी वाया घालवणं वाटत नाही. तिने मध्यंतरी विचारलेलं, “क्लेरिक बदलू का?” ते पुन्हा विचारलं नाही.

१४. मराठीत खेळता येतं का? भाषांतर आहे का?

अधिकृत मराठी भाषांतर नाही. पण खेळायचं कुठल्या भाषेत हे टेबल ठरवतं, आणि आमचं टेबल पहिल्यापासून मराठी आहे. हिट पॉइंटना आम्ही ‘जीव’ म्हणतो: “किती जीव उरला?” सेव्हिंग थ्रोला ‘सावर’. शॉर्ट रेस्ट म्हणजे ‘दम खाणं’ आणि लाँग रेस्ट म्हणजे ‘मुक्काम’. ॲडव्हान्टेजला मनासारखा शब्द सापडला नाही, तो तसाच राहिला. टोळीप्रमुख कागलकडच्या बोलीत धमकी देतो तेव्हा जी भीती वाटते ती इंग्रजीतून कधी वाटली नव्हती.

नियम मराठीत लिहून काढायचे असतील तर प्रश्न ३ मधल्या एसआरडीचा परवाना ती मोकळीक देतो. मूळ श्रेय ठरलेल्या शब्दांत द्यावं लागतं, एवढीच अट. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअरसारख्या प्रकाशकांच्या खास राक्षसांची वर्णनं त्यात नाहीत, ती पुस्तकातून उचलून छापू नका. आपले वेताळ, हडळ, मुंजा पडलेत की.

१५. दोघं म्हणतात जुनं, दोघं म्हणतात नवं. गट फुटायला आलाय.

गोष्ट चालवणाऱ्याला आधी विचारा. सगळ्यात जास्त कष्ट त्याचे असतात आणि त्याला जे झेपत नाही ते टिकत नाही. मग तीन सेशनची छोटी गोष्ट नव्या नियमांनी खेळा, चालू पात्रं बाजूला ठेवून. त्यानंतर मत घ्या. आमच्यात जुन्याचा सर्वांत कट्टर माणूस दुसऱ्याच सेशनला मान हलवायला लागला. दुसरा एक जण मात्र तिन्ही खेळून ठाम राहिला, त्याच्यासाठी प्रश्न ११ मधली सोय केली. तो अजून रविवारी येतो.

१६. दोन्ही नकोत. दुसरं काय खेळू?

नियमांचं बारीक काम आवडत असेल तर पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती, तिचे नियम अधिकृतरीत्या फुकट वाचता येतात. पाचवीसारखंच पण दुसऱ्या घरचं हवं असेल तर कोबोल्ड प्रेसचं टेल्स ऑफ द व्हॅलियंट. गोष्टीकडे जास्त ओढा असेल तर २०२५ मध्ये आलेलं डॅगरहार्ट. मी पाथफाइंडरच नीट खेळलोय, म्हणून बाकीच्यांबद्दल जास्त बोलत नाही.

१७. जुनं पुस्तक आता विकून टाकू का?

विकू नका. त्यातले सगळे उपप्रकार नव्यात आलेले नाहीत, आणि हाफ-एल्फची पानं तिथेच आहेत. आमच्या जुन्या प्रतीची शिवण सुटलीय आणि फायटरच्या पानावर तांबड्या रश्श्याचा डाग आहे, २०१९ च्या पुराच्या आठवड्यात चार दिवस अडकून खेळलो तेव्हाचा. ती प्रत आता फिरती ठेवलीय. ज्याला हवी त्याने रविवारी चारनंतर येऊन घेऊन जावी, पंधरा दिवसांनी परत करावी. सध्या ती गडहिंग्लजला आहे, तिच्यामागे दोघांचा नंबर लागलाय.